केरबा मुन्शींच्या शोधात गेलो आणि एक अर्ज लिहून आलो

खरं सांगायचं तर जायचं ठरवलं वैष्णवीने. मी परभणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि सुट्टी मिळाली की भटकून इथे लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा कॉलेजांच्या प्रकल्प स्पर्धेला विषय होता ‘आपल्या भागातलं विसरलं गेलेलं माणूस’. बाकीच्या मुलांनी पुतळे असलेली मोठी नावं उचलली, म्हणजे जी अजिबात विसरली गेलेली नाहीत. वैष्णवी आणि तिचा वर्गमित्र अझर मात्र केरबा मुन्शी हे नाव घेऊन आले. मला ते माहीत नव्हतं, आणि मी इतिहास शिकवतो.

केरबा मुन्शी निजामाच्या काळापासून आताच्या संभाजीनगरात कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. उर्दूही येई, मराठीही. त्या वेळी तेलंगणातून, कर्नाटकातून खडी फोडायला, रस्ते करायला माणसं येत. इथली मंडळी त्यांना पाण्यावर फिरकू देत नसत, आणि ‘हे परमुलखी लोक, यांना हाकला’ अशी कागदपत्रं कचेरीत पडत. मुन्शी या हाकलल्या जाणाऱ्यांच्या बाजूने लिहीत. एक अख्खी वस्ती त्यांनी उठू दिली नाही. वैष्णवीच्या आजोबांनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं. एवढ्या भांडवलावर आम्ही तिघं जानेवारीतल्या एका बुधवारी पहाटेच्या गाडीत बसलो.

परभणीहून गाडी साडेतीन-चार तास घेते. जालन्याला पोहे चांगले मिळतात, गाडी थांबते तेवढ्या वेळात उरकतात. संभाजीनगरला उतरून उस्मानपुऱ्यातल्या एका लॉजवर पिशव्या टाकल्या. स्टेशनपासून चालत जाता येतं, खोल्या स्वच्छ आहेत, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. लगेच बसस्थानक गाठलं, कारण मुन्शींची मुलगी गंगापूरला राहते एवढा पत्ता आम्ही काढला होता.

गंगापूरला एसटी आहे, पण शेअर जीप लवकर भरते आणि भाड्यात फारसा फरक नाही. वाळूजच्या कारखान्यांतून बाहेर पडलं की कापूस, आणि मग उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे आम्ही अर्धा तास काढला. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि अझर त्या वहीत उतरवून घेत होता. बोलीभाषेचा अभ्यास, म्हणे.

शांताबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. दोन खोल्यांचं घर, निळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. आम्ही वडिलांबद्दल विचारायला आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

“दादाचं काय इच्यारता? समदे इसरले.”

“म्हणूनच आलो, आजी,” वैष्णवी म्हणाली.

मग ज्वारीची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी समोर आली आणि त्या बोलत्या झाल्या. मुन्शी कसे लिहीत, हे त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं देतो.

“दादाचा एकच नेम व्हता. कुनाच्या इरोधात अर्ज असला तर आधी त्याला बोलवायचं. त्याच्या म्होरं वाचायचा. मग अंगठा घ्यायचा. लोकं म्हनायची, मुन्शीजी, असं कुठं असतं व्हय? दादा म्हनायचे, तोंडावर वाचायची लाज वाटती तर लिवू नगा.”

“मग लोक वाचू द्यायचे?” अझरने विचारलं.

“निम्मे तर तसंच माघारी जायचे. म्हून तर गिऱ्हाईक तुटलं. म्हातारपनी दादाकडं कुनी फिरकत नव्हतं.”

“आणि ज्यांच्यासाठी ते भांडले, ते वस्तीतले लोक?”

“दादा वारले तवा दोघं आले व्हते,” शांताबाई म्हणाल्या आणि अझरच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

परतीच्या जीपमध्ये मुलं पेटली होती. अर्ज वाचून दाखवायची ही रीत म्हणजेच आपला प्रकल्प, असं दोघांनी तिथेच ठरवून टाकलं. मीही थोडं भाषण झोडलं. शिक्षकाला निमित्त लागतं.

गुरुवारी त्या वस्तीत गेलो. रेल्वे रुळांच्या पलीकडे, कमानीवर रंग उडालेली पाटी: केरबा मुन्शी नगर. आता झोपड्या नाहीत. दोन मजली, तीन मजली घरं, दारात मोटरसायकली. बाबूकाका नावाचे साठीचे गृहस्थ पुढे आले. त्यांच्या आजोबांनी तेलंगणातून येऊन इथे खडी फोडली होती. बाबूकाकांनी खुर्च्या मांडल्या, चहा आला, शेजारीपाजारी जमले. मुन्शींबद्दल मात्र फारसं कुणाला सांगता येईना. “लई मोठा मानूस” याच्यापुढे गाडी सरकत नव्हती.

आणि मग बाबूकाकांनी खिशातून वहीचं एक पान काढलं. “सर, तुमी शिकलेले. आमचा येक अर्ज नीट करून द्या. वॉर्ड हाफिसात द्यायचाय.”

मला काय आनंद झाला, काय सांगू. मुन्शींच्या वस्तीत बसून अर्ज लिहायचा! पानावर तीन तक्रारी होत्या. पाण्याचा दाब कमी, गटार तुंबलेलं, आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर अनोळखी लोक. तिसरी वाचून मला वाटलं, संध्याकाळी दारू प्यायला बसत असतील. विचारलं नाही. कागदी मराठीवर माझा हात बसलेला आहे. मी सांगत गेलो, वैष्णवी मोबाइलवर टाइप करत गेली. तिसरा मुद्दा असा उतरला: ‘सदर मोकळ्या जागेवर अनोळखी इसम विनापरवाना वास्तव्य करीत असून त्यांच्यापासून रहिवाशांच्या सुरक्षिततेस धोका संभवतो. तरी त्यांना तेथून तात्काळ हटविण्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.’ ‘वास्तव्य’ हा शब्द मी घातला. ‘धोका संभवतो’ हेही माझंच.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणली. अर्ज मी मोठ्याने वाचून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या, सह्या केल्या, एका आजींनी अंगठा दिला. अझरने त्याचा फोटो काढला.

“सर,” तो हळूच म्हणाला, “ज्यांच्याबद्दल आहे, त्यांनाही वाचून दाखवायचा ना?”

“गटाराला काय वाचून दाखवतोस?” मी म्हणालो. सगळे हसले. अझरही हसला.

वैष्णवी बाबूकाकांच्या पुतण्याबरोबर जाऊन अर्ज देऊन आली. दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा गोल शिक्का मारून आणला, म्हणजे पोच. ती प्रत पुतण्याकडेच राहिली. संध्याकाळी आम्ही शहागंजच्या बाजूला नान-खलिया खाल्ला. पिवळी मऊ नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. संभाजीनगरला जाऊन हा न खाता परत येणाऱ्याला मी प्रवासी मानत नाही. आम्ही खूप हसलो त्या संध्याकाळी, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवारी सकाळी वस्तीचे फोटो काढायचे राहिले होते म्हणून परत गेलो. कमानीचा फोटो घेताना मागून पत्रे उचकटल्याचा आवाज आला. गेलो तर मोकळ्या प्लॉटवर चार पत्र्यांच्या खोल्या होत्या, त्यातल्या तीन रिकाम्या झाल्या होत्या. चौथीतून एक बाई भांडी बाहेर आणत होती. नवरा पत्रे दोरीने बांधत होता. शाळेचा गणवेश घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी दप्तरावर बसली होती.

बाईचं नाव रिंकू, नवऱ्याचं मनोज. बिहारचे. पलीकडच्या रस्त्यावर एक मोठी इमारत उठतेय, तिथे मनोज सेंट्रिंगचं काम करतो. मुलगी महापालिकेच्या शाळेत पहिलीत.

“कहाँ जा रहे हो?” अझरने विचारलं.

“जहाँ ठेकेदार बोलेगा,” मनोज म्हणाला. “कल शाम को प्लॉट का मालिक आया। बोला, ऊपर से कागज आ गया, सुबह तक खाली करो, नहीं तो पुलिस।”

मालकाने दाखवलेल्या कागदाचा त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. शिक्का तेवढा दिसत होता. त्याने फोन वैष्णवीपुढे धरला, “दीदी, इसमें क्या लिखा है?”

वैष्णवीने दोन ओळी वाचल्या आणि फोन माझ्याकडे दिला. मी काय सांगितलं? मी म्हणालो, यह कोई ऑर्डर नहीं है, सिर्फ अर्जी है, आप रुकिए, मैं ऑफिस होकर आता हूँ. त्याने माझा नंबर घेतला.

आधी बाबूकाकांकडे गेलो. आम्ही चुकून लिहिलं, तो मुद्दा मागे घ्या म्हणालो. ते चहाच पीत होते.

“चुकून कसं सर? आमाला तर तेच पायजे व्हतं. पुतन्यानं कालच ती शिक्क्याची प्रत प्लॉटवाल्याला न्हेऊन दिली. गटाराचं काय, ते तुंबनारच.”

“काका, तुमचे आजोबा असेच आले होते इथे.”

“आमी इथलेच हाव आता. हे कुठून कुठून येतात, नळावर गर्दी करतात, उद्या रेशनकार्ड बी काढतील.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आन् तुमी लई झकास लिवलं सर. आमाला येवडं जमलं नसतं.”

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने रजिस्टर उघडून पाहिलं आणि खांदे उडवले. “याच्यावर तर अजून काहीच केलेलं नाही आम्ही. फाईललासुद्धा लावला नाही. कुणी हटवा म्हणून सांगितलंच नाही.” मागे घ्यायचा असेल तर सह्या करणाऱ्यांनीच अर्ज द्यायचा. आम्ही सह्या करणारे नव्हतो. आम्ही नुसते लिहिणारे.

म्हणजे सरकारने काही केलं नव्हतं. माझ्या भाषेनेच काम केलं होतं, आणि एका गोल शिक्क्याने. रिक्षाने परत प्लॉटवर पोचलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता. चुलीच्या तीन विटा तेवढ्या राहिल्या होत्या. वैष्णवी तिथे मातीत बसून रडली, आणि मी घड्याळाकडे बघत होतो, कारण तीनची गाडी होती. त्याची मला आजही लाज वाटते.

तीनची गाडी आम्ही वेळेत पकडली.

परभणीला आल्यावर वैष्णवीने प्रकल्पाचं शेवटचं पान लिहिलं. त्यात सगळं होतं: अर्ज, पोच, टेम्पो, माझं ते गटाराचं वाक्यसुद्धा. मी म्हणालो, हे काढ, कॉलेजचं नाव जातं, शिवाय प्रकल्प मुन्शींवर आहे, आपल्यावर नाही. तिने वाद घातला नाही. पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. ‘वंचितांच्या हक्कांविषयीची संवेदनशीलता’ असं परीक्षकांनी लिहिलं आहे. वैष्णवी बक्षीस घ्यायला आली नाही. अझर आला, पण फोटोला थांबला नाही.

वाचकांना नेहमीप्रमाणे सांगायचं तर जरूर जा. थंडीत जा, शांताबाईंना भेटा, रस्ता चांगला आहे. केरबा मुन्शी नगरच्या कमानीचा फोटो सकाळी छान येतो. त्या प्लॉटवर आता जाळीचं कुंपण झालंय, बाबूकाका सांगत होते. त्यांनी फोन करून बक्षिसाबद्दल अभिनंदन केलं.

गेल्या आठवड्यात मनोजचाही फोन आला. ते आता फुलंब्रीच्या रस्त्याला एका साइटवर आहेत. मुलीला जवळच्या शाळेत घालायचंय आणि शाळा विचारतेय, वर्षाच्या मधेच जुनी शाळा का सोडली. “सर, आप पढ़े-लिखे हैं, एक अर्जी लिख दीजिए।” मी लिहिली. साधी, पाच ओळींची. फोनवर त्याला वाचून दाखवली आणि हिंदीत अर्थ सांगितला. तो खूश झाला.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “सर, वो पहले वाला कागज, हमारे खिलाफ, वो किसका लिखा हुआ था? आपने तो पढ़ा था।”

“पता नहीं, मनोजभाई,” मी म्हणालो.

वैष्णवीचं ते पान मी आता इथे लिहून काढलं आहे, एकही गोष्ट न वगळता. ज्याला वाचून दाखवायला हवं होतं, त्याला मराठी येत नाही, आणि हे मला इथे लिहिताना पूर्ण ठाऊक होतं.