देवीच्या ओटीत घातलेल्या गोळ्या

पालघर जिल्हा नवा नवा झाला, त्या सुमारास माझा नवरा गेला आणि जाताना मला एचआयव्ही देऊन गेला. मी महालक्ष्मी देवीशी कडाकडा भांडले. मसोलीतल्या माझ्या खोलीत तिच्या तसबिरीपुढे उभी राहून म्हटलं, "काय वाकडं केलं होतं गं मी तुझं? माझ्या पोरीला आता माझ्याशिवाय कोण आहे?" तोंडात पांढरा थर आला होता, घास गिळवत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रोगाशी लढायला रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या ज्या पेशी बाकीच्यांना कामाला लावतात, नेमक्या त्यांच्यातच हा विषाणू शिरतो, तिथंच वाढतो आणि त्यांनाच मारतो. मग साधी बुरशीसुद्धा माणसाला आडवं करते.

गोळ्या सुरू झाल्या. महालक्ष्मीला मी नवसही बोलले. हळूहळू अंग भरलं, तोंड बरं झालं आणि एका तपासणीत रक्तात विषाणू दिसला नाही. झालं! आईनं गाऱ्हाणं ऐकलं, रोग गेला, असं मी धरूनच चालले. बाईंचं पुढचं बोलणं कानावर घेतंय कोण! माझ्या सासरी रीत आहे, बरं झालं की दुखण्यातली वस्तू देवीला देऊन टाकायची. म्हणून चैत्राच्या जत्रेत खण-नारळाबरोबर गोळ्यांची भरलेली बाटलीही मी ओटीत घेतली.

रांगेत मागे सायवन गावची एक म्हातारी होती. "बाय, ही बाटली कशाला?" तिनं विचारलं.

"देवीनं बरं केलं मला. आता गोळ्यांचं काय काम?" मी तोऱ्यात म्हटलं.

तिनं बाटली निरखून पाहिली. माझं मनगट धरून ती म्हणाली, "माझ्या लेकीला पण हीच बाटली मिळायची. तिचं रगत साफ आलेलं. तिनं गोळ्या सोडल्या. रोग गेलाच नव्हता गं, आत दडून बसलेला. क्षय झाला, न् गेली माझी पोर."

अगं बाई! एवढे ढोल वाजत होते, पण मला काही ऐकू येईना. शाळेच्या कपड्यांतली माझी लेक तेवढी डोळ्यांपुढे दिसत होती. म्हातारीनं खण-नारळ देवीला वाहायला लावला आणि बाटली उचलून माझ्या पदरात घातली. "ही तुझी ओटी," म्हणाली. नवरा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. मी तिथंच ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या चांगल्याच तापल्या. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण काही पेशींत झोपून राहतो; गोळ्या थांबल्या की पुन्हा उठतो, म्हणाल्या. म्हातारीचा शब्द न् शब्द खरा होता.

तिला माझ्या मागे कुणी उभं केलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते. देवीला शरण गेले असं म्हणत होते, आणि बरी झाले हे मात्र माझं मीच ठरवून मोकळी झाले होते. आता तेही तिच्यावर सोडलंय. आई, तू जगवतेस तोवर मी गोळी घेईन.