पहिल्या जोडीचा मान

भांडणाऱ्यांचा हेवा वाटायला लावील असा माणूस साऱ्या उदगीर तालुक्यात एकच, आमच्या गावचे पाटील. गावात दोन घरांत वाजलं की पाटील छत्री घेऊन निघायचे, ऊन असो नसो. ती उघडून दोघांना एकाच छत्रीखाली उभं करायचे. माणसं ओरडायचं विसरून अंग चोरून उभी राहायची. मग म्हणायचे, "आता तू ह्याची बाजू सांग, अन् ह्यो तुझी सांगंल." गल्लीतला सिमेंटचा रस्ता समोरासमोरच्या दोन ओट्यांपायी अडला होता, तेव्हा त्या दोघांना अशी एकमेकांची वकिली करायला लावली, तर संध्याकाळी दोघंही आपापला ओटा स्वतःच फोडत बसलेले.

खरी गंमत पोळ्याला. वेशीतून पहिली जोडी पाटलांची, हा पिढ्यांचा मान. तो मान पाटील त्या वर्षी समेट झालेल्या दोन घरांना देऊन टाकायचे: एक बैल ह्यांचा, एक त्यांचा, कासरा ज्याचा त्यानं धरायचा. मी अन् दादा वाटण्या होऊनही कधी भांडलो नाही, म्हणून आमचे बैल दरसाल शेवटून तिसरे. शेजारचे दोघं वर्षभर एकमेकांची डोकी फोडणार अन् पोळ्याला पुढं मिरवणार, हे बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. अखेर दादाला म्हणालो, "बांधावरच्या बाभळीवरून भांडू की, खोटंखोटं." दादा हसला, पण तयार झाला.

पाटील छत्री घेऊन आले. मी दादाची बाजू सांगितली, बाभळीची. दादाची पाळी आली तर तो बाभळीचं नावच घेईना. खाली बघत म्हणाला, "ह्याचं म्हणणं हाय, माझ्या लग्नापायी सातवीतून ह्याची शाळा सोडवली. पर त्याबद्दल ह्यो मला कधी एक शब्द बोलला न्हाई."

मी असं कधी म्हणालो नव्हतो. पण मनात तेच होतं, हे तेव्हा कळलं.

पाटलांनी छत्री मिटली. "मान तुमचा. कासरा धरायला हजर राहा म्हंजे झालं."

पोळ्याआधीच मला पुण्याकडच्या कारखान्यात काम लागलं, तेही पाटलांच्याच चिठ्ठीवर. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण तीन पोळे झाले, सुट्टी मागायची छाती होत नाही. कामावरून काढलं तर, ही धास्ती. परवा पोळ्याला दादानं फोटो पाठवला. पहिल्या जोडीत दादाचा बैल, शेजारी पाटलांचा. माझा गोठ्यातच. वाकलेले पाटील कासरा धरून माझ्या जागेवर चाललेले, भर उन्हात, बिनछत्रीचे. त्यांच्या बैलाचासुद्धा हेवा वाटला. फोन लावला तर म्हणाले, "तुझी जागा धरून ठिवलीय रं. पर पाय थकून राहिलेत माझे."

पुढच्या पोळ्याची सुट्टी आत्ताच मागायची ठरवलंय. साहेबांसमोर आधी साहेबांचीच बाजू सांगीन म्हणतो.