एका बाजूने आखूड मफलर

बर्फातल्या पोस्टवर चढायच्या आदल्या दिवशी आमच्या सेक्शनची ड्रेस तपासणी झाली. तपासणारे नाईक वानखडे, आमचे उस्ताद. गाव संग्रामपूरकडचं. मी मलकापूरचा, जिल्हा एकच, म्हणून माझ्या वाट्याला शिव्या जरा जास्त. मिळालेले सगळे कपडे एकावर एक चढवून मी उभा होतो. हात खाली येत नव्हते.

"गादी भरून आणली काय बे?" उस्ताद म्हणाले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. अंगाला लागून पातळ लोकरीचं इनर. त्यावर जर्सी. त्यावर पिसांचं जॅकेट, सैलसर. सगळ्यात वर पांढरा कोट. मोजे दोन घाला, पण बोटं हलली पाहिजेत. आणि एवढं करून माणूस रुबाबदार दिसला पाहिजे. बेढब बांधलेला जवान चालतोही बेढब, असं त्यांचं मत. त्यांचा स्वतःचा रुबाब म्हणजे कॉलरमध्ये नीट खोचलेला मरून मफलर. वहिनींनी विणलेला. लोकर संपली म्हणून एक टोक आखूड राहिलेलं.

मी त्यांच्या हुकमाप्रमाणे सगळं घातलं. फक्त इनरच्या आत मायनं शिवलेली सुती बनियन ठेवली. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. कापूस दगा देईल, हे डोक्यातच येत नाही.

गस्तीला निघालो, सगळे एका दोराला बांधलेले. चढावर घाम आला, तो बनियन पीत गेली. दुपारी हिमवादळ सुटलं. पुढचा माणूस दिसेना, थांबावं लागलं. थांबलो तशी बनियन छातीवर पत्र्यासारखी गार पडली. मी जन्माचा बडबड्या; माझं तोंड बंद झालं. उस्तादांनी ओळखलं ते त्यावरूनच.

"चूप काऊन झाला बे?"

त्यांनी माझ्या जॅकेटच्या गळ्यातून हात आत घातला.

"सुती? कोणं देल्ली?"

"मायनं."

"मायले काय माहीत इथं घाम गोठते. काढ."

दोघांनी ताडपत्री ताणून आडोसा धरला. उस्तादांनी बनियन फाडून काढली, आपल्या पाठीवरच्या पिट्टूतलं कोरडं इनर मला चढवलं आणि मफलर माझ्या डोक्याला गुंडाळला. मग रेडिओ उचलला.

"एक जवान ठंडा पड गया था. कपडे बदल दिए. लेकर आ रहा हूँ. ओव्हर."

वादळ थोडं उतरताच निघालो. पोस्टपर्यंत ते मला बोलतं ठेवत होते. मलकापूरच्या बाजारातली दुकानं ओळीनं सांगायला लावली. एक चुकलं की दोराला हिसका. मी पोहोचलो. बोटंही शाबूत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात बर्फ ठिसूळ झाला होता. वाट तपासायला उस्ताद सगळ्यांच्या पुढे होते. पायाखालचा बर्फ खचला आणि ते खाली भेगेत कोसळले. आम्ही वर काढलं तेव्हा ते गेलेले होते. मफलर कॉलरमध्ये जसा खोचला होता तसाच होता.

त्यांची पुण्यतिथी मे महिन्यात येते. तेव्हाचं संग्रामपूरचं ऊन मी वेगळं सांगायला नको. सेक्शनमधले आम्ही सगळे जमतो आणि त्या उन्हात गळ्यात मरून लोकरी मफलर घालून फोटोसमोर उभे राहतो. घाम पाठीवरून वाहतो. गावातली पोरं हसतात, हसू देत. हे मफलर वहिनींनी प्रत्येकासाठी विणलेत. सगळ्यांचं एक टोक आखूड. लोकर पुन्हा कमी पडली का, असं मी एकदा विचारलं होतं.

"नाही भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यायचा असाच होता."

उस्तादांचं नाव पुकारून होईपर्यंत कोणी मफलर काढत नाही.