खोड सांगून दिलेली मोटार

आमच्या घरात पहिली मोटार आली ती बैलजोडी विकून. जोडी माझ्या माहेरची होती, म्हणून मोटार बघायला मी बरोबर जाणार, हे मी आधीच सांगून टाकलं. मोठे दीर म्हणाले, "बाईमाणूस मोटारीतलं काय बघणार?" मी म्हटलं, "बैल माझ्या बापाचं गेलं. त्याच्या बदल्यात काय येतंय ते मी बघणार." त्यांनी पुढं वाद घातला नाही. माझ्याशी वाद घालून कुणाचा फायदा झाल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या साली आमचे मालक पलटणीतून घरी आले. तिकडं ते लष्करी ट्रक चालवत. एक ट्रक नाल्यात गेला आणि डावा गुडघा मोडला. तिथल्या डॉक्टरांनी जोडला खरा, पण तो निम्माच वाकायचा. नांगरामागं चालायला हा माणूस आता उपयोगाचा नव्हता. तेव्हा त्यांनी काढलं की जुनी मोटार घ्यायची आणि उंब्रजहून कऱ्हाड, सातारा, कुठं लग्नाला, कुठं आजाऱ्याला मिरजेला, अशी भाड्यानं फिरवायची. "त्यात काय, बसून करायचं काम हाय," असं ते सगळ्यांना सांगत.

दिरांनी एकच अट घातली. मोटार चालली तर चालली. नाही चालली तर पुन्हा काही मागायचं नाही, उसात राखणीला बसायचं आणि मिळंल ते खायचं. ज्या माणसानं लढाई बघितली त्यानं गोफण घेऊन पाखरं हाकायची. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मला तेव्हाच कळलं की ही मोटार चुकली तर हा माणूस घरात राहील, पण माणसांत राहणार नाही.

माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. खरं शिक्षण वडिलांच्या मागं बाजारात झालं. ते जनावरांचा व्यापार करत. बैल घेताना ते त्याच्या पाठीवर हात ठेवत आणि विकणाऱ्याला म्हणत, "खोड सांग." म्हणजे लाथ मारतो का, जुवाखाली बसतो का, बुजतो का, ते बोल. पाठीवर हात असताना खोटं बोलायचं नाही, असा आमच्याकडं रिवाज. तरी लोक बोलतच. "काहीच खोड नाही" म्हणणाऱ्याकडं वडील पाठ फिरवत. आणि न विचारता दोन-तीन खोडी सांगणारा भेटला तर आणखी सावध होत. छोट्या सांगून तो मोठी झाकतोय, असं त्यांचं म्हणणं. दुसरा रिवाज दाव्याचा, म्हणजे जनावर बांधायच्या दोरीचा. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही. घरची बरकत दाव्याबरोबर जाते म्हणतात. आमचे बैल गेले तेव्हा त्यांची दावी मीच सोडून घेतली आणि गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवली.

पहिली मोटार बघायला आम्ही रेल्वेनं माधवनगरला गेलो. कापडाच्या एका व्यापाऱ्याची होती. काळी, लांब नाकाची, इतकी चकचकीत की माझं लुगडं तिच्यात दिसत होतं. मी जवळ जाऊन वास घेतला. रंग ताजा होता. म्हातारीनं केस काळे करावेत तसं मला वाटलं. मी मोटारीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "खोड सांगा."

व्यापारी मालकांकडं बघून हसला. "काय म्हणतायत बाई?"

मालकांना लाज वाटली. "काई न्हाई. तिची आपली सवय हाय."

"अहो, यंत्राला कसली खोड?" व्यापारी म्हणाला. "एक खिळा ढिला दाखवा."

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"नवी येतेय."

"ही इतकी चांगली हाय तर नवी कशाला?"

तो मालकांना म्हणाला, "फौजी, तुमच्या घरात वकील आहेत म्हणा की."

मग त्याचा ड्रायव्हर आम्हाला फिरवून आणायला निघाला. मी मागं बसले. मला वाटलं होतं मालक स्वतः चालवायला चाकावर बसतील. ते पुढं, पण ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मी ड्रायव्हरला विचारलं, "कशी हाय गाडी?" त्यानं आधी आरशात आपल्या शेटचा बंगला मागं गेला का ते बघितलं आणि मग म्हणाला, "शेट सांगत्यात तशी." मालक त्याच्या पायाकडं बघत होते. रस्त्याकडं नाही, इंजिनाकडं नाही, त्याच्या डाव्या पायाकडं. तो पाय खालच्या लोखंडी पट्टीवर दाबताना मांडीची शीर ताठ व्हायची.

परत आलो तर व्यापाऱ्यानं जास्तीचं चाक काढून ठेवलेलं. म्हणाला, हे घ्या, हत्यारांची पेटी घ्या, गाद्या घ्या, पुढं लावलेली देवाची तसबीरसुद्धा राहू दे. मी म्हटलं, "देव पण देताय?"

"तुम्हालाच लाभू दे."

जो माणूस दाव्यासकट, घंटेसकट, वर देवासकट जनावर देतो त्याला ते दारातून घालवायचं असतं. मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, ही घ्यायची नाही. ते चिडले. रेल्वेत माझ्याकडं पाठ करून बसले. कऱ्हाड जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "तुमी का चालवून बघितली न्हाई?"

"दुसऱ्याच्या गाडीला कशाला हात लावायचा?"

"इकत घ्यायला गेलो हुतो, पावण्याला न्हवं."

"तू गप बस."

मी गप्प बसले, पण संशय बसला नाही. व्यापारी मोटारीची काहीतरी खोड लपवत होता हे खरं. पण घरचा माणूसही काहीतरी लपवत होता, आणि मला त्याचंच जास्त भ्या वाटायला लागलं.

दुसरी मोटार आटपाडीला होती. मालकांना तिकडच्या एका पलटणीतल्या गड्यानं सांगितलं होतं. विट्यावरून गेलो, सगळा माळ, बाभळी आणि मेंढरं. मोटारवाला मुसलमान व्यापारी, शेळ्या-मेंढ्यांचा आणि कातड्यांचा धंदा. वयानं आमच्याहून मोठा, मेंदी लावलेली दाढी. मोटार त्याच्यापेक्षा म्हातारी दिसत होती. मूळचा रंग कुठला ते सांगता येत नव्हतं, आणि आतून बकऱ्याचा वास येत होता. एका बाजूचं दार सुती दोरीनं दोन दारांमधल्या खांबाला बांधलेलं. मालकांचं तोंड लगेच उतरलं.

मी पाठीवर हात ठेवायला गेले तर त्यानंच आधी हात ठेवला. म्हणाला, "वैनी, खोड इचारा."

"सांगा."

"थंडीत हँडल मारल्याबिगर उठत न्हाई. पाण्याला लय अधाशी हाय, घागर संगं ठेवा. आणि ह्ये दार बंद ऱ्हात न्हाई, म्हनून बांधलंय. तीन झाल्या."

"चवथी?"

तो हसला. "चवथी न्हाई."

"तीन न इचारता सांगणाऱ्याला चवथी असतीच. माजा बाप ह्याच धंद्यात हुता."

"मग तुमच्या बापानं तुमाला ह्ये पन सांगितलं आसंल, की इकणाऱ्यानं गिऱ्हाइकाची खोड इचारायची. वैरण घालनार का, मारनार का." त्यानं मालकांकडं बघितलं. "मोटारीची मी सांगितली. आता तुमची सांगा, फौजी."

"माजी कसली?" मालक म्हणाले.

"मघाशी गेटातनं आलात तवा बघितलं. जनावराचं पाय बघूनच आमी पैसं मोजतो. डावा पाय वाकत न्हाई. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतुया."

मालकांनी हात गुडघ्यावर ठेवला. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "लढाईतनं आल्यापासनं चाकावर बसलो न्हाई. पाय दबंल का न्हाई, ठावं न्हाई."

मग कळलं की माधवनगरला हा माणूस ड्रायव्हरचा पाय का बघत होता. तिथं चाकावर बसून क्लच दाबला असता आणि दबला नसता, तर माझ्यासमोर आणि त्या व्यापाऱ्यासमोर कळलं असतं. त्यापेक्षा न बघता घेतलेली बरी, असा त्यांचा हिशेब. म्हणजे बैल विकून, मोटार दारात आणून, मग दिरांच्या समोर कळणार होतं. मला फार राग आला. पण परक्याच्या दारात नवऱ्याला बोलायचं नसतं, म्हणून मी पदर खोचून उभी राहिले.

"बसा," व्यापारी म्हणाला. "चालवल्याबिगर मी देनार न्हाई. उद्या तुमी मानूस मारलात तर लोक म्हनतील आटपाडीच्या मोटारीनं मारलं."

मालक बसले. पाय पट्टीवर ठेवला, तो तिरका, टाचेनं नाही तर चवड्यानं. व्यापाऱ्यानं हँडल मारलं. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला इंजिन खोकलं. मालकांनी दाबलं. माझं सगळं लक्ष त्या गुडघ्यावर. पट्टी लोण्यात बोट जावं तशी खाली गेली. मोटार हलली, माळावर मोठा फेरा मारला, एका शेळीला हुसकावून परत जागेवर आली. मालक खाली उतरले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता आणि चेहरा लढाईवर जाण्याआधीचा.

"दबतुया," एवढंच म्हणाले.

मला तेव्हाही बरं वाटलं नाही. मी व्यापाऱ्याला विचारलं, "इतकी मऊ कशी काय पट्टी?"

"जुनी हाय, वैनी. म्हातारपणी समदीच मऊ हुत्यात."

"तुमी न्हाई झाला."

"तुमी पन व्हनार न्हाई," तो म्हणाला.

रुमालाखाली हात घालून सौदा झाला, बैलासारखाच. त्यानं बोटं दाबली, मालकांनी दाबली, भाव बाहेर कुणाला कळला नाही. मग आम्ही निघताना त्यानं दाराची दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात घातली.

"आवं, दोरी?" मालक म्हणाले.

"दावं देत न्हाईत," तो म्हणाला.

मालकांना वाटलं थट्टा करतोय. मला मात्र त्या दिवसात पहिल्यांदा जरा विश्वास वाटला. देवाची तसबीर देऊन टाकणारा एक, आणि फाटकी दोरी न सोडणारा एक. ह्याला ही मोटार घालवायची नव्हती. निदान तिच्याबरोबर घरातली बरकत तरी घालवायची नव्हती.

पण दोरी नसली म्हणजे काय होतं ते पुढं कळलं. दार माझ्याच बाजूचं होतं. विट्यापर्यंत मी ते एका हातानं ओढून धरलं, विट्याच्या पुढं दोन्ही हातांनी. प्रत्येक वळणाला ते मला घेऊन बाहेर निघायचं. मालक म्हणाले, "वाटंत एक सुतळी घिऊ." मी म्हटलं, "थांबू नगा. बंद पडली तर हँडल कोन मारनार?" एवढ्यात कऱ्हाडच्या अलीकडचा चढ लागला. इंजिन ओरडायला लागलं, वेग वाढल्याचा आवाज, आणि मोटार जागच्या जागी. पुढं जाईना, मागं सरकायला लागली.

मालकांनी ब्रेक मारला. माझ्याकडं बघितलं. "क्लच घसरतोय," म्हणाले. "झिजलाय पार."

चौथी खोड. मी दार धरून बसले होते, नाहीतर टाळी वाजवली असती. "बघा," मी म्हटलं. "मी म्हनलं हुतं."

"झिजलाय म्हनून तर मऊ हाय," मालक म्हणाले. त्यांना हसू येत होतं. "चांगला असता तर माज्यानं दबला नसता."

मी उतरले आणि मागनं लावला हात. एका गाडीवानानंही लावला. चढ चढून गेल्यावर मोटार पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. वाटेत मी एवढाच विचार करत होते की त्या दाढीवाल्यानं ही खोड लपवली, की मालकांचा पाय बघून त्यांच्यासाठीच सांगितली नाही. तिन्ही सांगणारा माणूस चौथी विसरत नाही. मी अजून ठरवू शकलेले नाही. मरेपर्यंत ठरेल असं वाटत नाही.

उंब्रजला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दीर गोठ्यापाशी उभे होते. मोटारीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारून बघितली, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"खोड?" त्यांनी विचारलं. त्यांनाही तो शब्द माझ्याच तोंडून माहीत झाला होता.

मी उत्तर द्यायच्या आत मालक म्हणाले, "पयली माजी. डावा गुडगा क्लचला येत न्हाई. हिचा मऊ हाय म्हनून हीच घेतली. आता चढाला ढकलायला लागंल."

गुडघ्याचं हे असं तोंडानं मालकांनी घरात पहिल्यांदाच सांगितलं होतं. दीर राखणीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "चढाला मानसं हायतच की गाडीत बसलेली. त्यास्नीच उतरवायचं."

मी गोठ्यात गेले. खुंटीवरचं एक दावं काढलं आणि मोटारीचं दार तिच्याच मधल्या खांबाला आवळून बांधलं. बैलाच्या मानेला बांधतात ती गाठ.

पुढं बरीच वर्षं ती मोटार उंब्रज-कऱ्हाड फिरली. गिऱ्हाइकं तक्रार करायची की दाराला शेणाचा वास येतो. मी म्हणायची, मग दुसऱ्या दारानं चढा. शेवटी ती भंगारात दिली तेव्हा घेणाऱ्यानं दावंही ओढायला हात घातला. ते मी सोडून घेतलं.