एकदाच उमटलेला ‘य’
सोल्डरिंगचा वास आला की मुलुंडच्या घरातली बाबांची खाट आठवते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेल्यावर मी तारा सोल्डर करून त्यांच्या हाताशी एक बटण दिलं. ते दाबलं की ब्लूटूथ कीबोर्डच्या मॉड्यूलमधून आतल्या खोलीतल्या माझ्या संगणकावर ‘य’ उमटायचा, म्हणजे ‘ये’. पहिल्या दिवशी कळ दाबल्याची आज्ञा गेली, पण सोडल्याची द्यायला मी विसरलो होतो. पडदा ‘य’नी भरला आणि मी धावलो. आई म्हणाली, “अरे, किती हाका मारतायत बघ तुला!” बाबाही अर्ध्या ओठांनी हसले. मी चूक दुरुस्त केली; आता बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी एकच ‘य’ उमटायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी एकच ‘य’ उमटला. “आलोच, बाबा,” म्हणत मी संगणकावर भरत असलेला तक्ता पूर्ण केला आणि चार मिनिटांनी उठलो. बाबा गेले होते, अंगठा बटणावर तसाच दाबलेला. आज वाटतं, ती चूक राहू द्यायला हवी होती.