मोरचूद विसरलेली खळ

विद्यापीठात ज्यांचे प्रबंध मंजूर झाले अशा निदान हजारभर लोकांची नावं कडुबा दाभाडेंनी सोनेरी अक्षरांत पुठ्ठ्यावर उठवली होती. स्वतः ते चौथीतच शाळेबाहेर पडले. बापानं मिलिंद कॉलेजच्या बांधकामावर दगड वाहिले होते, आणि आपलं पोरगं एक दिवस इथंच शिकंल असं तो भेटेल त्याला सांगायचा. पण बाप लवकर गेला. बाराव्या वर्षी कडुबा जुन्या शहरातल्या मुनीर उस्तादांकडं बायंडिंगच्या कामाला लागले. उस्तादांनी त्यांना जुजबंदी शिकवली. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक जुज; असे जुज सुईदोऱ्यानं एकमेकांना शिवायचे, पाठीवर खळ लावायची, मग पुठ्ठा चढवायचा. नुसती चिकटवलेली वही उस्ताद हातातही धरत नसत.

पुढं उस्मानपुऱ्यात कडुबांचं स्वतःचं छोटं दुकान झालं. स्पायरलवाले आले तसं काम आटत गेलं, आणि लॉकडाऊनमध्ये बंद झालेलं शटर पुन्हा काही उघडलं नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते हर्सूलला घराच्या ओट्यावर बसून असायचे.

त्या सप्टेंबरात गोदाकाठची गावं पाण्याखाली गेली आणि विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात शिकणारी श्रेया आणि सत्यम त्यांना शोधत आले. मुलांनी शहरातल्या छापखान्यांतून उरलासुरला कागद मिळवला होता. त्याच्या वह्या शिवायच्या, विकायच्या, आणि येतील ते पैसे पूरग्रस्त गावांतल्या शाळांना द्यायचे, असा बेत होता.

"डबा घेऊन फिरलो तर लोक सुट्टे टाकून पुढं जातात, मामा," श्रेया म्हणाली. "काहीतरी करून द्यायचंय आम्हाला. पण शिवता येत नाही कुणालाच."

"शिवायला काय, हात पायजे अन् दम पायजे," कडुबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी ते दाभण, सुया आणि दाबायची फळी घेऊन विभागात हजर झाले.

वीस-बावीस पोरंपोरी त्यांच्याभोवती बसायची. कितीतरी वर्षांनी कुणी त्यांच्या बोटांकडं इतकं लक्ष देऊन पाहत होतं. सत्यम सगळ्यांत लवकर शिकला. सिल्लोडकडचा, शेतकऱ्याघरचा, कमी बोलणारा पोरगा. मैद्याची खळ शिजवायचं काम कडुबांनी त्याच्याकडंच दिलं. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. खळ उतरवली की तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे बुरशी धरत नाही, कसर लागत नाही. ते विषारी, म्हणून डबी त्यांच्याच खिशात असायची. पोरं दोरा कापत असायची तेव्हा ते घालून मोकळे व्हायचे. मुलांना त्याचा पत्ताही नव्हता.

महिना संपत आला तसं पाणी दुसऱ्यांदा चढलं. त्या दिवशी सकाळी सत्यमनं खळीचं पातेलं उतरवलं आणि त्याच वेळी कडुबांचा फोन वाजला. पलीकडं भाचा होता, इंद्रजीत.

"मामा, आई सापडंना. रात्री पाणी शिरलं, आम्ही शाळंत आलो. ती म्हशी सोडायला मागं फिरली अन्..."

गीताबाई ही कडुबांची एकुलती एक बहीण, गोदाकाठच्या गावात दिलेली. रस्ते बंद होते, जाण्याचा इलाज नव्हता. त्यांनी फोन खिशात घातला. समोर पोरं कुंचले घेऊन थांबली होती. कुणाला काही सांगावं असं त्यांना वाटलं नाही, की तोंडच उघडलं नाही, हे पुढं त्यांचं त्यांनाही उमजलं नाही. ते खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक वहीला खळ लावत राहिले. दोनशेच्या वर वह्या त्या दिवशी झाल्या.

तिसऱ्या दिवशी गीताबाई सापडल्याचा निरोप आला. बाभळीला धरून रात्रभर उभी होती, मग शेजारच्या गावातल्यांनी तिला काढलं होतं. घर गेलं, म्हशी गेल्या, पण जीव राहिला. कडुबांच्या जिवाचा घोर मिटला.

पंधरा दिवसांनी वह्या विक्रीला मांडल्या. पहिल्याच दुपारी एक प्राध्यापिका वही परत घेऊन आल्या. पुठ्ठ्याच्या आतून काळे-हिरवे ठिपके फुटले होते, पाठीला कुबट वास येत होता. मग दुसरी वही आली, तिसरी आली. मुलांनी गठ्ठे सोडले तर निम्म्या वह्यांना बुरशी.

"खळ कोण शिजवत होतं?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी सत्यमकडं पाहिलं. "मी रोजच्यासारखीच शिजवली," तो म्हणाला.

"कच्ची राहिली असणार. तुला घाईच असते."

कडुबांनी वही नाकाशी नेली आणि त्यांना कळलं. त्यांचा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला. आत्ता बोलावं, आत्ता, असं म्हणत म्हणत ते उभे राहिले. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या कारागिरीत उस्तादांच्या नावाला बट्टा लागेल असं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. सत्यमनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मामा माझ्या बाजूनं बोलतील, अशी ती नजर होती. कडुबा खाली बघत राहिले. पोरगा सॅक उचलून निघून गेला.

घरी त्यांनी ताट सरकवलं. दगडाबाईंनी काय झालं ते काढून घेतलं. बायकोपाशी लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"मग सांगा की. बहिणीपायी डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणा. पोरं काय फाशी देणारंत व्हय?"

"ती सापडली ना. सापडल्यावर तरी याद यायला पायजे होती मला. नाय आली. अन् आज याद आली तर तोंडातून शब्द नाय निघाला."

"त्या लेकराला काय वाटलं आसंल," एवढंच दगडाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कडुबांनी सगळ्यांसमोर चूक सांगितली. बहिणीचं नाव काढलं नाही. ती सबब झाली असती. श्रेया म्हणाली, "मामा, आम्ही ग्रुपवर त्याला काय काय लिहिलं काल रात्री." तिनं तिथंच सत्यमला फोन लावला. त्यानं उचलला नाही. तो सकाळच्या गाडीनंच गावी गेला होता.

कडुबांनी हर्सूलहून सिल्लोडची एसटी धरली. सत्यमचं घर शोधायला दुपार झाली. तो अंगणात मक्याची कणसं सोलत होता. उठला, पाणी आणलं, बसायला गोणपाट टाकलं आणि पुन्हा कणसं सोलू लागला.

"खळ तुझी चांगली होती, बेटा. मोरचूद माझ्याकडून राहिलं."

"तुम्हाला तिथंच कळलं होतं, मामा. वास घेतला तेव्हाच. मी बघत होतो."

"व्हय. कळलं होतं."

कडुबाही सोलू लागले. मग सत्यमनं विचारलं, "पण असं राहिलं कसं? तुम्ही तर सुईसुद्धा मोजून ठेवता."

तेव्हा कडुबांनी फोनचं सांगितलं. सत्यमचे हात थांबले.

"म्हणजे मी पातेलं उतरवलं तेव्हा? अन् तुम्ही दिवसभर आमच्यात बसून होता?"

"कुठं जाणार होतो? रस्ता नव्हता."

"सांगायचं तरी. आम्ही होतो ना तिथं."

पोराची माफी मागायची असं ठरवून ते आले होते. ती धड मागता आली नाही. निघताना सत्यम त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. परत येशील का, असं विचारल्यावर म्हणाला, "बघतो. ग्रुपवर जे वाचलं ते लगेच नाही विसरता येत."

तो आठ दिवस आला नाही. तोवर मुलांनी खराब पुठ्ठे आणि पाठी सोलून काढल्या, आतले जुज उन्हात वाळवले. आतला कागद बराचसा चांगला निघाला. नवी खळ श्रेयानं शिजवली आणि मोरचूद कडुबांनी सगळ्यांच्या देखत घातलं. किती, का, ते समजावून सांगितलं. नवव्या दिवशी सत्यम आला. खळीच्या पातेल्याकडं गेला नाही, लांब कोपऱ्यात बसून जुज शिवत राहिला. श्रेया त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली, त्यानं मान हलवली.

वह्या ठरल्या होत्या त्यापेक्षा कमी झाल्या, पैसेही कमी जमले. ते ठरलेल्या तीन शाळांऐवजी एकाच शाळेला पुरले. ती शाळा गीताबाईच्या गावची नव्हती. कडुबांनी तसं सुचवलंही नाही.

दिवाळीनंतर ते बहिणीला आणायला गेले. पडलेल्या घराच्या जागेवर चार पत्रे उभे करून ती राहत होती.

"चल, हर्सूलला. थंडी सरंस्तोवर तरी," ते म्हणाले.

"इंद्रजीत दिवसभर मजुरीला. जागा सोडली तर पंचनाम्याला आल्यावर पडलेलं घर कोण दावील, दादा?" ती म्हणाली आणि चुलीला फुंकर घालू लागली.

ते दोन दिवस तिथं राहिले. पत्र्यांना तारा बांधून दिल्या, आणि एकटेच परत आले.