थोरलीचं उड्डाण

रियाधबाहेरच्या आमच्या लॅबमध्ये दोन सारखे उपग्रह होते, प्रत्येकी फ्रिजएवढा. एक उडणारा. दुसरा नुसता चाचण्यांचा. त्याला हलवायचं, तापवायचं, गोठवायचं आणि तो टिकला की त्याच्यासारखा खरा बांधायचा. मी त्यांना थोरली-धाकटी म्हणायचे; चाचण्यांचा आधी बांधलेला म्हणून तो थोरली, उडणारा तो धाकटी. तीन बहिणींत मी मोठी. बाबा गेल्यावर घरासाठी इथे आले ती मीच. नाशिकहून आईही फोनवर विचारायची, "तुझ्या पोरी कशा आहेत?"

धाकटीला हातमोज्यांशिवाय कुणी शिवत नसे. थोरलीच्या डोक्यावर आम्ही खुशाल पाने-पक्कड ठेवायचो. तिला कॅमेऱ्याच्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. चाचणीला वजन पुरतं, दिसायची गरज नसते.

एका दुपारी क्रेनचा हुक धाकटीला लागला आणि तिला तडा गेला. रॉकेटची तारीख ठरलेली होती, ते काही थांबणार नव्हतं. आमची सौदी बॉस आली, दोघींकडे बघून म्हणाली, "ही खलास. यल्ला, चला, जुनी तयार करा."

मला रागच आला. आत्ता बरी आठवण झाली! अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पण या गाढवानं किती सोसलंय ते मला माहीत होतं. धातूही थकतो. आणखी एक हादरा थोरलीला झेपेल का, हे कुणीच छातीठोकपणे सांगेना.

आम्ही तिच्या अंगावर चिकटवलेल्या तारा सोडवल्या, भोकं बुजवली. बाहेर वाळूचं वादळ असायचं आणि आत सगळं दुधात बुडाल्यासारखं पांढरं, शांत. मी तिला पुसत बसायचे आणि वाटायचं, ही हळूहळू जागी होतेय. शेवटी ठोकळा काढून खरा कॅमेरा बसवला. त्याच्या काचेत मी इवलीशी दिसले. उगाचच हसू आलं.

मग शेवटची चाचणी. हादरे देणारं टेबल गुरगुरलं, थोरली थरथरली, मी डोळे मिटून घेतले. थांबल्यावर बॉसनं टॉर्च घेऊन तिचा कोपरा न् कोपरा पाहिला. तडा नव्हता. "माशाअल्लाह," एवढंच म्हणाली.

रॉकेट गेलं त्या दिवशी मी आईला फोन केला.

"कोणती गेली गं?"

"थोरली."

आई म्हणाली, "तिला कुणी विचारलं होतं का गं, जायचंय का म्हणून?"

मला रडू आलं.

"नाही," मी म्हटलं. "पण आई, तिला तिथून खूप लांबवरचं दिसतंय."